उचललेली माती

कनेरगाव नाक्याचा माणूस मोटारीची जळलेली तार नव्यानं भरून घ्यायला ऐंशी किलोमीटर तुडवत डोंगरकड्याला कशाला येईल? वाटेत अख्खं हिंगोली लागतं, आणि तिथं वायंडिंगवाल्यांची काही कमी नाही. तरी गोपीचंद ढाबेवाला जीपमध्ये विहिरीवरची मोटार टाकून थेट वैजनाथच्या दुकानापुढं येऊन उभा राहिला, आणि वैजनाथच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

"तुमचं नाव लई ऐकलं," गोपीचंद म्हणाला.

"कोणाकडून?"

"असंच. लोक सांगतात."

"कोण लोक?"

गोपीचंदनं टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी परत घातली. मग म्हणाला, "तुमची कोमल बरी हाय ना? धानोऱ्याच्या जत्रेत आमच्या राजनंदिनीची जोड तिच्याच संगं लागली."

"ठाव हाय मला."

"घुटना लई जोरात मारते म्हणतात तुमची पोरगी."

घुटना म्हणजे पालथ्या पडलेल्या पैलवानाच्या मानेवर गुडघा रोवून त्याला उताणा करायचा डाव. वैजनाथनं हातातली तांब्याची तार खाली ठेवली. "मंग? मारू नये का तिनं?"

"तसं न्हाई हो," गोपीचंद म्हणाला. त्याला अजून काहीतरी बोलायचं होतं, पण वैजनाथ त्याच्याकडं असा बघत होता, की त्यानं अर्धा चहा तसाच ठेवला आणि जीप वळवली.

तो गेल्यावर वैजनाथनं मोटार उघडली. तार जळलेली नव्हतीच. एका ठिकाणी जोड सुटला होता, एवढंच. असलं काम कुणीही दहा मिनिटांत करून देतं. ताकाला येऊन भांडं लपवणाऱ्यातला हा माणूस. कुठंतरी पाणी मुरत होतं.

आता हेही सांगायला हवं, की वैजनाथला पाणी मुरताना नेहमीच दिसायचं. गावात त्याला 'मॅचवाला वैजनाथ' म्हणत. क्रिकेटची मॅच नव्हे. परदेशातली ती टीव्हीवरची कुस्ती, चकचकीत कपडे घालून, दोरांवर चढून एकमेकांच्या अंगावर उड्या टाकायची. नववीत असताना त्यानं ती पहिल्यांदा पाहिली आणि पोरगं कामातून गेलं. वहीच्या पाठीवर त्या पैलवानांची चित्रं, दप्तरात त्यांचे पत्ते, आणि गणिताच्या पेपरात पस्तीस मार्क. पुढं आयटीआयला नांदेडला गेल्यावर वसतिगृहातल्या एका दीडशहाण्यानं त्याला सांगितलं, की ते सगळं आधीच ठरलेलं असतं. कोण जिंकणार, कोण आपटणार, कोण किती वेळ मेल्यागत पडून राहणार, सगळं. वैजनाथ दोन दिवस जेवला नाही.

दुसऱ्या कुणी टीव्ही बंद केला असता. हा पठ्ठ्या उलट जास्तच बघायला लागला. आता त्याला त्या सोंगाची शिवण शोधायची होती. पकडीत धरलेला पैलवान समोरच्याच्या कानात पुढचा डाव कसा सांगतो, आपटताना त्याची मान कशी जपतो, हे त्याला दिसायला लागलं. आणि गंमत अशी, की त्या लबाडीवरच त्याचा जीव जडला. पण दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. वैजनाथ तर पाणीसुद्धा फुंकून प्यायला लागला. सोसायटीची निवडणूक असो, कुणाची सोयरीक असो, की भजनाची स्पर्धा असो, त्याचं एकच, "हे ठरलेलं हाय." बायको ज्योती म्हणायची, "आवं, तुमाला कावीळ झाली, दुसरं काही न्हाई."

जगात एकच गोष्ट तो फुंकून पीत नसे, ती म्हणजे कोमल, त्याची एकुलती एक लेक. ती चार वर्षांची होती तेव्हापासून त्याच्या मांडीवर बसून मॅच बघायची. मग त्यानं नांदेडहून जुनं प्लेस्टेशन आणलं. त्या कुस्तीच्या गेममध्ये आपला पैलवान आपण तयार करता येतो. बापानं निळ्या चड्डीतला 'मोटार किंग' केला, लेकीनं पिवळ्या कपड्यांतली 'पिवळी नागीण' केली, आणि रोज जेवणं झाली की दोघं रिमोट घेऊन एकमेकांना पडद्यावर आपटायचे. ज्योती खरकटी भांडी उचलत दोघांचा उद्धार करायची.

शिवणीतली एक गोष्ट त्यानं कोमलला मुद्दाम शिकवली होती. "हे बघ माय. डावाखाली त्यानं याचा हात दाबला, दिसलं? 'ठीक हायस का' म्हणून इचारलं. यानं परत दाबला, म्हणजे ठीक हाय. परत न्हाई दाबला तर काय करायचं?"

"काय?"

"सगळं सोडायचं. मॅच गेली खड्ड्यात."

सातवीत कोमलला टायफॉइड झाला. सलाइन लावलेली, बोलायला ताकद नाही, तेव्हा वैजनाथ खाटेशेजारी बसून तिचा हात दोनदा दाबायचा. थोड्या वेळानं तिची बोटं परत दाबायची. मग तो चहा प्यायला जायचा.

तिचं वेड पडद्यापुरतं राहिलं नाही. बरी झाल्यावर ती स्वतःहून संतराम वस्तादांच्या तालमीत गेली आणि खऱ्या मातीत उतरली. वैजनाथ पहिल्या दिवशी तिची कुस्ती बघायला गेला तेव्हा सवयीनं शिवण शोधत राहिला. सापडली नाही. त्या दिवशी तो घरी येऊन रडला, आनंदानं. आपल्या घरात एक तरी गोष्ट खरीखुरी आहे, असं त्याला वाटलं.

आणि आता धानोऱ्याची जत्रा आली होती. पुण्याकडच्या एका मोठ्या तालमीचे वस्ताद यंदा येणार होते. मुलींच्या शेवटच्या कुस्तीत जी जिंकेल तिला ते घेऊन जाणार. राहणं, खाणं, शिकवणं सगळं तालमीचं. पण ती तालीम अठराच्या आतलीच पोरगी घेई, आणि श्रावणात कोमलला एकोणिसावं लागत होतं. म्हणजे ही एकच कुस्ती. दुसरी नाही.

अशा वेळी ढाबेवाला जोड सुटलेली मोटार घेऊन येतो. काहून?

दोन दिवसांनी कोमल अंगणात फोनवर हळू आवाजात बोलत होती. बाप दिसताच तिनं फोन ठेवला.

"कोणाचा होता?"

"मैत्रिणीचा."

"कोणती?"

"हाय एक, पप्पा."

हाय एक! पिवळ्या नागिणीला कुठल्या रंगाचे बूट घालायचे हे बापाला विचारणारी पोरगी आता 'हाय एक' म्हणत होती. वैजनाथ त्या दिवशी भाकर अर्धी टाकून उठला.

मग शुक्रवारी तो औंढ्याला एकाची मोटार पोचवायला गेला. देवळाकडं जाणाऱ्या रस्त्यावर, प्रसादाच्या दुकानांच्या ओळीत रसवंती आहे. तिथल्या बाकावर त्याला कोमल दिसली. सकाळी ती 'वस्तादानं सामान आणायला धाडलं' म्हणून निघाली होती. शेजारी राजनंदिनी. दोघींची डोकी एकमेकींना चिकटलेली. आणि बाकावर कोमलनं राजनंदिनीचा पंजा धरला होता. दाबला. सोडला. परत दाबला. राजनंदिनीनं उलट दाबला आणि दोघी हसल्या.

 वैजनाथ मोटारसायकल तशीच ढकलत एका दुकानाआड गेला. आठ दिवसांनी ज्यांची कुस्ती, त्या रसवंतीत बसून इशारे ठरवून राहिल्या! आणि इशारा कोणता, तर त्यानंच शिकवलेला.

त्या दिवशी जेवणानंतर गेम लागला. मोटार किंगनं पिवळ्या नागिणीला दोनदा लागोपाठ चीत केलं. पाच वर्षांत असं झालं नव्हतं. कोमलचं लक्षच नव्हतं, तिची बोटं नुसती बटणांवर होती. पण वैजनाथला काय दिसलं? पोरगी हरायची सवय करून राहिली.

विचारून टाकायचं ना सरळ? ज्योतीनंही तेच सांगितलं. पण संशयी माणसाला उत्तर नको असतं, पुरावा हवा असतो. तो उठून संतराम वस्तादांकडं गेला. वस्ताद तालमीच्या ओट्यावर बदाम सोलत बसले होते.

"वस्ताद, ही कुस्ती बराबर हाय ना?"

"म्हंजी?"

"नुरा तर न्हाई?"

नुरा म्हणजे ठरवून केलेली कुस्ती. वस्तादांचा हात थांबला. "वैजनाथ, त्या टीव्हीनं तुझी नजर नासली. आखाड्यात माती असते, पडदा नसतो. आन हा शब्द तोंडातून काढायचा असंल तर रीत ठाव हाय ना तुला? आखाड्यात उतरून माती उचलावी लागते. एकदा माती उचलली की कुस्ती रद्द. दोघींची नावं फडातून खोडली जातात. मागून कितीबी नाक घासलं तरी माती खाली ठेवता येत न्हाई."

"ठाव हाय."

"मंग घरी जा."

वस्ताद चिडले, म्हणजे वस्तादांनाही काहीतरी माहीत आहे, असं म्हणत वैजनाथ घरी गेला.

जत्रेच्या दिवशी धानोऱ्यात ऊन मी म्हणत होतं. आखाड्याभोवती माणसांची दाटी, हलगी कडकडत होती, पुण्याचे वस्ताद मंडपात पहिल्या खुर्चीवर. त्यांच्या मागच्या रांगेत गोपीचंद बसला होता आणि सारखा टोपी काढत-घालत होता. वैजनाथ दोरापाशी उभा राहिला. निघताना कोमल त्याच्या पाया पडली तेव्हा त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला होता. अजून त्याला आशा होती. आपण खोटे ठरावं, असं त्याला मनापासून वाटत होतं.

सलामी झाली. दोघींनी एकमेकींच्या अंगावर माती टाकली. थोडा वेळ खडाखडी चालली, मग कोमल खाली वाकली, राजनंदिनीचा पाय ओढला आणि तिला पालथं पाडून वर बसली. गर्दी उठून उभी राहिली. "घुटना! घुटना मार!" कोमलनं गुडघा मानेवर ठेवला. आता फक्त एक हिसका. वैजनाथच्याही तोंडून "हाण माय!" निघालं. पाल, संशय, मोटार, सगळं तेवढ्यापुरतं पळून गेलं.

आणि कोमल थांबली.

गर्दी तिच्या गुडघ्याकडं बघत होती. वैजनाथ हातांकडं बघत होता, कारण पंचवीस वर्षं तो हातांकडंच बघत आला होता. कोमलची बोटं राजनंदिनीच्या मनगटावरून खाली घसरली. पंजा धरला. दोनदा दाबला. मग ती वाकून तिच्या कानात काहीतरी बोलली. परत दाबला. आणि हातात आलेली कुस्ती टाकून ती उठली, दोन पावलं मागं सरकली आणि पंचांकडं बघून तिनं हात वर केला. राजनंदिनी पालथीच पडून होती.

"नुरा!"

आपण ओरडलो हे वैजनाथला आधी कळलंच नाही. हलगी थांबली. सगळी तोंडं त्याच्याकडं वळली.

"कोण म्हणलं?" म्हाताऱ्या पंचांनी विचारलं.

"म्या." तो दोराखालून आत शिरला होता.

"तू तर पोरीचा बाप ना रे?"

"बाप हाय म्हणूनच म्हणतो."  जगात जी एकच गोष्ट त्यानं फुंकून प्यायली नव्हती, तिनंच तोंड पोळलं होतं.

"माती उचल, मंग बोल."

"पप्पा, थांबा!" कोमल त्याच्याकडं धावली. "तिला लागलंय. मान हाय तिची, पप्पा, हात दाबून न्हाई राहिली ती!"

वैजनाथनं तिच्याकडं बघितलंही नाही. तो वाकला आणि त्यानं मूठभर माती उचलली. "ही कुस्ती नुरा हाय. म्या माझ्या डोळ्यांनी इशारा पाह्यला. आन ती पडली ते सोंग हाय. असली सोंगं पंचवीस वर्षं पाहून राहिलो म्या."

मॅचवाला वैजनाथ म्हणतोय म्हटल्यावर कोण नाही म्हणणार? कुणीतरी हसलं. कुणीतरी ढेकूळ भिरकावलं. "उठ गं, झालं नाटक!" अशी आरोळी आली, मग दहा आल्या. पुण्याचे वस्ताद खुर्चीवरून उठले, त्यांनी धोतराची माती झटकली आणि ते गाडीकडं चालू लागले. संतराम वस्ताद त्यांच्यामागं धावले. राजनंदिनीला मात्र कुणी हात लावला नाही. सोंग घेतलेल्या माणसाला कोण उठवतं?

एकटी कोमल तिच्याजवळ गुडघ्यांवर बसली, दोन्ही हातांनी तिचं डोकं सरळ धरून. ढेकळं तिच्या पाठीवर पडत होती. मग गोपीचंद माणसं ढकलत आत आला. त्या दोघांनी मिळून पोरीला हळूच उताणं केलं. तिचे डोळे उघडे होते, ओठ पांढरे पडले होते.

"बाबा," ती म्हणाली, "हात कळून न्हाई राहिला."

ढेकळं यायची थांबली. वैजनाथच्या मुठीतली माती बोटांतून गळायला लागली.

हिंगोलीच्या दवाखान्यात तीन तासांनी डॉक्टर बाहेर आले. मानेतली शीर दबली होती, पण हाताला जाणीव परत येत होती. पट्टा लावून महिना-दोन महिने झोपून राहावं लागेल, म्हणाले. आणि जाता जाता विचारलं, "वरच्या मुलीनं डाव सोडला का लगेच? सोडला म्हणून वाचली. अजून एक हिसका बसला असता तर हात गेला असता."

गोपीचंद भिंतीला टेकून उभा होता. त्याच्या हातात टोपी होती. तो वैजनाथला म्हणाला, "महिन्याखाली सरावात तिची मान लचकली होती. पुण्याचे वस्ताद येणार म्हणून कोणाला सांगू देईना. तुमच्या पोरीला तेवढं सांगितलं, शपथ घालून. मला राहवंना, म्हणून त्या दिवशी मोटार घेऊन तुमच्याकडं आलतो. म्हणणार होतो, पोरीला घुटना मारायला नका लावू. पन तुमचं तोंड पाहून हिंमत न्हाई झाली."

 इतक्यात संतराम वस्ताद फोन खिशात घालत आले.

"बोललो त्यांच्याशी," ते म्हणाले. "म्हणाले, पोरगी सच्ची हाय, हे त्यांनाबी दिसलं. दुसऱ्या कोणी माती उचलली असती तर त्यांनी मानली नसती. पन बापानं उचलली. बापाच्या मातीवरून पोरगी कशी न्यायची, म्हणाले." वस्तादांनी वैजनाथकडं बघितलं. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं, पण त्यांच्या नजरेत राग नव्हता.

कोमल व्हरांड्याच्या टोकाला बाकावर बसली होती. अंगावरची माती वाळली होती, कपाळावर ढेकूळ लागून टेंगूळ आलं होतं. वैजनाथ तिच्याशेजारी जाऊन बसला.  नर्स येत-जात होत्या.

"चुकलो, माय," तो म्हणाला. "लई चुकलो."

 कोमल समोरच्या भिंतीकडं बघत म्हणाली, "रसवंतीत तिला तेच शिकवत होते मी. म्हणलं, कुस्ती खरीच करायची, पन तुला लागलं तर मला कळलं पाहिजे. तुमीच सांगितलं होतं ना, पप्पा. परत न्हाई दाबला तर सगळं सोडायचं."

आवाजात रडू नव्हतं. तेच वैजनाथला सोसलं नाही. त्यानं तिचा हात आपल्या हातात घेतला. टायफॉइडच्या वेळी घ्यायचा तसाच. दोनदा दाबला आणि थांबला.

कोमलनं हात काढून घेतला नाही. तिचा हात नुसता पडून राहिला. आतून राजनंदिनीला कुणीतरी नाव विचारत होतं आणि ती सांगत होती. एक नर्स गेली, परत आली. वैजनाथनं आणखी एकदा दाबून पाहिला.

मग त्यानं हात सोडला.